पुण्यात पहिल्यांदाच राहायला येतेय. रोज बसने कॉलेजला जाणं जमेल का?

तू लिहिलंयस की बारावी करून जालन्याहून येतेयस, खोली कोथरूडला मिळालीय, कॉलेज शिवाजीनगरला आहे. घरचे स्कूटी घेऊन द्यायला तयार आहेत, पण तुला आधी बसने जाऊन बघायचंय आणि बसवरच्या पाट्या वाचून काही कळत नाही म्हणून धास्ती वाटते. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. मी गेवराईची. २०१८ साली अशीच एक पिशवी आणि एक वळकटी घेऊन इथे आले, आणि आज नोकरीलाही बसनेच जाते.

जमेल. नक्की जमेल. आणि माझं ऐकशील तर पहिले दोन महिने तरी स्कूटी घेऊच नकोस. गाडीवर नवखं माणूस मोबाईलमधल्या बाईच्या आवाजावर चालतं, रस्ता त्याच्या ध्यानात राहत नाही. बसच्या खिडकीतून मात्र रोज तेच चौक, तीच दुकानं दिसतात आणि महिन्याभरात शहर आपसूक डोक्यात बसतं.

नंबर पाठ करण्याच्या मागे लागू नकोस. सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकून घे: परतीची बस कुठून मिळते. आपल्याकडे एसटी एकाच रस्त्याने जाते आणि त्याच रस्त्याने येते. जिथे उतरलो त्याच्या समोर उभं राहिलं की परतीची गाडी मिळते. पुण्याच्या मध्यवस्तीत हे चालत नाही, कारण तिथले बरेच मोठे रस्ते एकेरी आहेत.

मला हे कसं कळलं ते सांगते. तेव्हा मी धनकवडीला राहायचे. पहिल्याच जुलैत पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले. त्याला सगळे एबीसी म्हणतात, तुझ्याही कानावर रोज पडेल. स्वारगेटहून बसले, बाजीराव रस्त्याने सरळ चौकात उतरले. जुनी-नवी मिळून दोन पिशव्या पुस्तकं घेतली आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, गावच्या सवयीने. पाऊस भुरभुरत होता. पुस्तकं भिजू नयेत म्हणून पिशव्या पोटाशी धरल्या होत्या. एकामागून एक बस येत होत्या, पण सगळ्या शनिवारवाड्याकडेच जाणाऱ्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटी मागच्या दुकानातले काका बाहेर आले नि म्हणाले, "बाळ, कुठं जायचंय?" स्वारगेट म्हटल्यावर म्हणाले, "इथून जन्मात मिळणार नाही. बाजीराव रस्त्याने गाड्या येतात, शिवाजी रस्त्याने जातात. असं सरळ बुधवार चौकात जा." पाच-सात मिनिटं चालले, दगडूशेठच्या अलीकडे शिवाजी रस्ता लागला आणि थांब्यावर पोचते न पोचते तोच स्वारगेटची बस आली. तो दिवस मी कधी विसरले नाही. त्यानंतर कुठेही नवीन ठिकाणी उतरले की पहिला प्रश्न हाच: "परत जायला बस कुठून?"

तुझ्या रस्त्यावरही नेमकं हेच आहे. डेक्कन आणि शिवाजीनगरच्या मधले फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता, म्हणजे एफसी आणि जेएम, दोन्ही एकेरी. बस एकावरून जाते आणि दुसऱ्यावरून येते. दोन्ही जवळपास समांतर आहेत, मधे घोले रस्त्यासारखे जोडरस्ते आहेत, चालत जाण्यासारखं अंतर आहे. तुझं कॉलेज यातल्या ज्या रस्त्याला जवळ असेल त्यावर सकाळचा किंवा संध्याकाळचा, एकच थांबा मिळेल. दुसरा पलीकडच्या रस्त्यावर.

आता पाट्या. बसच्या कपाळावर नंबर आणि शेवटचं ठिकाण असतं, ते सगळेच वाचतात. तू 'मार्गे' काय लिहिलंय ते बघायची सवय लाव. तेवढी बारीक ओळ वाचता आली की निम्मं काम झालं. 'मनपा' म्हणजे महानगरपालिका भवन, शिवाजीनगरजवळचं मोठं बसस्थानक. जुनी माणसं त्याला कॉर्पोरेशन म्हणतात. 'न. ता. वाडी' म्हणजे नरवीर तानाजी वाडी, तेही शिवाजीनगरलाच. मला वर्षभर हे कुठलंतरी लांबचं गाव वाटायचं. आणि कुणी 'पीएमटी' म्हणालं तर गोंधळू नकोस. पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ साली एक होऊन पीएमपीएमएल झाली, लोकांच्या तोंडातलं नाव बदललं नाही.

सारख्या नावांची मात्र खरंच काळजी घे. वडगाव शेरी शहराच्या पूर्वेला, नगर रस्त्याच्या बाजूला. वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्याला. मैत्रीण "वडगावला राहते" म्हणाली आणि मी शेरीच्या बसमध्ये बसले, तो सगळा रविवार बसमध्येच गेला. कोंढवा वेगळा आणि एनडीएजवळचं कोंढवे-धावडे वेगळं, दोन्ही दोन टोकांना. खडकी, खराडी, खडकवासला ही तीन नावं गर्दीत ऐकताना सारखीच वाटतात. कोरेगाव पार्क आणि कोरेगाव भीमा यांत कितीतरी मैलांचं अंतर. तुझ्या कोथरूडमध्येसुद्धा कोथरूड डेपो आणि कोथरूड स्टँड ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, घरमालकांना नीट विचारून घे की तुझी खोली कशाच्या जवळ आहे.

कोथरूडचं गणित सोपं आहे. डेक्कनहून निघालं की गरवारे कॉलेज, नळ स्टॉप, एसएनडीटी, मग पौड फाटा. तिथे रस्ता फुटतो. एक पौड रस्ता, तो वनाज, कोथरूड डेपोकरून चांदणी चौकाकडे जातो. दुसरा कर्वे रस्ता, तो कर्वे पुतळ्यावरून वारज्याकडे. म्हणून संध्याकाळी डेक्कनला तुझी नेमकी बस येईना, तर कोथरूडची, वारजे माळवाडीची, जी मिळेल तिच्यात बस, पौड फाट्यापर्यंत सगळ्या एकाच वाटेने जातात. तिथून पुढे दुसरी धर. एकाच नंबरसाठी तासभर ताटकळणारी मुलं मी रोज बघते, मला फार वाईट वाटतं. कोथरूड डेपोहून पुणे स्टेशनला ९४ आणि कात्रजला १०३, हे दोन नंबर लक्षात ठेवलेस तरी सुरुवातीला पुरे.

बसमध्ये चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या. डावीकडच्या काही जागा बायकांसाठी राखीव असतात, तिथे कुणी पुरुष बसला असेल तर "दादा, लेडीज सीट आहे" एवढं म्हटलं की बहुतेक जण उठतात. नाही उठला तर कंडक्टरला सांग, संकोच करू नकोस. कंडक्टरची बेल ऐकायला शीक: एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. "डबल मारा" असं मागून कुणी ओरडलं की समजायचं सगळे चढले. आपला थांबा यायच्या एक थांबा आधीच पुढे सरक, नाहीतर गर्दीतून दारापर्यंत पोचेपर्यंत दोन टोले पडतात. आणि चढतानाच कंडक्टरला सांगून ठेव, "मला अमुक ठिकाणी उतरायचंय, नवीन आहे." दिवसभर माणसं अंगावर येत असतात, तरीही आपला थांबा आला की हाक मारणारे कंडक्टर मला किती भेटलेत, मोजता येणार नाहीत. बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गावर, विश्रांतवाडीच्या बाजूला कधी गेलीस, तर थांबा रस्त्याच्या मधोमध असतो आणि बसचं उजवीकडचं दार उघडतं. त्याच बाजूला उभी राहा.

पैशांचं सांगते, कारण घरून पैसे मागताना जीव कसा होतो ते मला माहीत आहे. जून २०२५ मध्ये तिकिटं वाढली. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, १० किलोमीटरपर्यंत २०. तुझं अंतर दुसऱ्या टप्प्यात बसेल, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे ४०. महिन्याचे २४ दिवस कॉलेज धरलं तर ९६० रुपये. विद्यार्थ्यांचा महिन्याचा पास ७५० रुपयांचा, त्या दरवाढीत तो वाढवला नाही. शिवाय पास असला की क्लासला, लायब्ररीला, मैत्रिणीकडे किती वेळा चढलीस-उतरलीस याचा हिशेब ठेवावा लागत नाही. कॉलेजचं बोनाफाईड, आधार कार्ड आणि फोटो घेऊन मोठ्या स्थानकावरच्या पास केंद्रावर जा. प्रवेश झाला त्याच दिवशी कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईडचा अर्ज टाक, पुढे तिथे रांगा लागतात. पास हातात येईपर्यंत ७० रुपयांचा दिवसाचा पास आहे, पण तो दोन फेऱ्यांसाठी काढू नकोस, चार-पाच ठिकाणी जायचं असेल तेव्हाच परवडतो. तिकिटाचे पैसे आता मोबाईलवरून देता येतात, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ ठेव. रेंज गेली की गर्दीत खोळंबा होतो.

'आपली पीएमपीएमएल' हे ॲप घेऊन ठेव. बस कुठवर आलीय ते त्यात दिसतं, तिकीटही निघतं. मी त्याचा उपयोग करते, पण थांब्यावरच्या माणसांना विचारणं सोडलं नाही. थांब्यावर रोज उभ्या राहणाऱ्या मावशींना कुठली बस भरून येते आणि कुठली तिच्या मागोमाग रिकामी येते ते ठाऊक असतं. हे ॲपला कळत नाही.

मेट्रोचंही बघून ठेव. वनाजहून निघते, जिल्हा न्यायालयाला बदलून शिवाजीनगरला जाता येतं, आणि पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे. परीक्षेच्या दिवशी मी तुला मेट्रोच सांगेन. कर्वे रस्त्यावर सकाळी वाहतूक तुंबली की बसचं काही चालत नाही, आणि पेपरला उशीर झाला तर कुणी ऐकून घेत नाही. एरवीच्या दिवसांत पहिल्या तासाला वेळेत पोचायचं असेल तर अर्धा तास हाताशी ठेवून निघ. साडेआठनंतर निघालीस तर उभ्याने जायची तयारी ठेव आणि पाठीवरची सॅक पुढे पोटावर घे, मोबाईल आतल्या कप्प्यात.

वर्षातून दोनदा सगळं वेळापत्रक कोलमडतं, ते आधीच सांगून ठेवते. आषाढी वारीला निघालेली माउलींची आणि तुकोबांची पालखी दोन रात्री पुण्यात मुक्कामाला असते, तेव्हा, आणि गणपतीत. गणपतीत संध्याकाळी मध्यवस्तीतले रस्ते बंद होतात, बस भलत्याच रस्त्याने वळवतात, विसर्जनाच्या दिवशी तर लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता या बाजूला बसचा विचारच नको. त्या दिवसांत चढण्याआधी "कुठून जाणार?" हे विचारायचंच.

रात्रीचं आईला सांगताना खरं सांग. दहापर्यंत डेक्कनहून कोथरूडला बस मिळतात, पुढे त्या विरळ होत जातात. रातराणी आहे, पण ठरावीक मार्गांवरच. उशीर होणार असेल तर शेवटच्या बसवर विसंबू नकोस, तिच्या आधीचीच पकड. बस रिकामी असेल तर मागे जाऊन बसू नकोस, पुढे ड्रायव्हरच्या जवळची जागा घे आणि पौड फाटा आला की खोलीवर फोन लाव.

आणि येशील तेव्हा एसटीत कुणी सांगितलं की शिवाजीनगरला उतर, तर एसटीचं ते स्थानक २०१९ च्या शेवटापासून वाकडेवाडीला हललंय हे ध्यानात ठेव. पहिल्या दिवशी सामान असेल, तेव्हा तिथून सरळ रिक्षा कर, मीटरने. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मात्र बसने एकदा जाऊन ये, नुसतंच. खोलीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत. फाटकाला हात लावून मागे वळ आणि परतीचा थांबा शोध, त्याचं नाव वहीत लिही, तिथूनच बसने घरी ये. सोमवारी थांब्यावर उभी राहशील तेव्हा कुणीतरी नवीन मुलगी तुलाच विचारेल, "शिवाजीनगरला कुठली जाते गं?"