लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर) आणखी एक विंडोज टाकायला वेगळं लायसन्स लागतं का? आणि ऑफिसच्या सर्व्हरवर सात-आठ व्हीएम चालवायच्या असतील तर?

हो, लागतं. विंडोजच्या करारात हे सरळ लिहिलंय: एक लायसन्स, एक प्रत, एक डिव्हाइस, आणि व्हर्च्युअल मशीन हासुद्धा वेगळा डिव्हाइसच धरला जातो. व्हीएम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्च्युअलबॉक्स फुकट, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट, हायपर-व्ही तर विंडोज प्रोमध्येच येतं. पण ही फक्त जागेची सोय झाली. आत जे विंडोज टाकाल त्याचा हक्क यातलं कुणी देत नाही.

लॅपटॉपसोबत आलेली प्रॉडक्ट की (विंडोज चालू करायचा कोड) व्हीएममध्येही चालवू, असं बरेच जण म्हणतात. आधी ती कोणत्या प्रकारची आहे ते बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, मग स्पेस, स्लॅश आणि डीएलआय असं इंग्रजीत टाइप केलं की एक छोटी खिडकी उघडते. त्यात ‘ओईएम_डीएम चॅनल’ (ओईएम म्हणजे मशीनसोबतच आलेलं लायसन्स) दिसलं तर ते लायसन्स त्या लॅपटॉपलाच बांधलेलं आहे, प्रॉडक्ट की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये बसलेली आहे. ‘रिटेल’ (वेगळं विकत घेतलेलं) दिसलं तर ते व्हीएममध्ये हलवता येतं, पण मग लॅपटॉपवरून काढावं लागेल.

आणि अ‍ॅक्टिव्हेट झालं म्हणजे लायसन्स मिळालं, हा गैरसमज तर सर्वात पक्का. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारी प्रॉडक्ट की अ‍ॅक्टिव्हेट होतेही, पण लायसन्सच्या ऑडिटला पक्कं बिल आणि कागद मागतात, स्क्रीनशॉट नाही.

आता सर्व्हरचं. खरी गुंतागुंत इथेच आहे. विंडोज ११ प्रोच्या सात-आठ रिटेल प्रती घेऊन सर्व्हरवर टाकल्या आणि लोक दुसऱ्या मशीनवरून जोडले, तर पैसे भरूनही तुम्ही नियमाबाहेरच. सर्व्हरवरचं डेस्कटॉप विंडोज लांबून वापरायचा हक्क रिटेल किंवा ओईएममध्ये नसतो. त्यासाठी व्हीडीए, म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप अ‍ॅक्सेस, हे लायसन्स घ्यावं लागतं किंवा माणशी विंडोज एंटरप्राइझ ई३/ई५ सबस्क्रिप्शन. विंडोज एंटरप्राइझवर सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा जादा हक्कांचा करार) चालू असेल तर त्या पीसीला हा हक्क मिळतो, शिवाय त्याच पीसीवर चार व्हीएमपर्यंत मुभा असते. ‘आमच्याकडे विंडोज सर्व्हर स्टँडर्ड आहे’ याचाही इथे उपयोग नाही. सर्व्हरच्या प्रोसेसरचे सगळे कोअर लायसन्स केले की त्यात दोन व्हीएम मिळतात, पण विंडोज सर्व्हरच्या. विंडोज ११ च्या नव्हेत.

माझं मत विचाराल तर सात-आठ माणसांसाठी या भानगडीत पडूच नका. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एक्सेलच चालवायचं असेल तर विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस (आरडीएस, एकाच सर्व्हरवर अनेकांनी लांबून काम करायची सोय) लावा. सर्व्हर कॅल (कॅल म्हणजे सर्व्हर वापरायचं माणशी किंवा मशीनमागे लायसन्स) आणि आरडीएस कॅल दोन्ही घ्यायला लागतात (दुसरं हमखास विसरलं जातं), पण हिशेब तरी समजतो.

पूर्वी तर याहून विचित्र होतं. विंडोज व्हिस्टाच्या होम आवृत्त्या व्हीएममध्ये चालवायलाच बंदी होती, ती जानेवारी २००८ मध्ये उठली. पुढे विंडोज ७ प्रोफेशनलसोबत एक्सपी मोड (जुनं विंडोज एक्सपी व्हीएममध्ये चालवायची सोय) आला, त्यात एक्सपीचं लायसन्स आतच होतं. तसलं काही आता मिळत नाही.

मॅक असेल तर त्याच मॅकवर मॅकओएसच्या आणखी दोन प्रती व्हीएममध्ये चालतात, पण डेव्हलपमेंट, टेस्टिंग किंवा वैयक्तिक वापर अशा ठरावीक कामांसाठीच. अ‍ॅपलचं नसलेल्या मशीनवर मॅकओएस टाकायला परवानगीच नाही. उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या व्हीएम हव्या तितक्या करा.

तुम्हाला नुसतं एखादं सॉफ्टवेअर तपासून बघायचं असेल तर खर्च करू नका. विंडोज प्रोमधलं सँडबॉक्स (खिडकीत उघडणारं तात्पुरतं वेगळं विंडोज) चालू करा, खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. जरा जास्त दिवस हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती आहे. मात्र रोजचं काम तिच्यावर करू नका, ती फक्त तपासणीसाठीच आहे.