विचारा की! : आजोबा माईकसमोर भाषणच ठोकतात

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही कॉलेजची काही मुलं-मुली माण तालुक्यातल्या आमच्या गावात 72च्या दुष्काळाच्या आठवणी रेकॉर्ड करतोय, कम्युनिटी रेडिओला, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या चालणाऱ्या स्थानिक रेडिओला द्यायच्या म्हणून. पण एरवी पारावर तासभर रंगवून सांगणारे आजोबा फोन समोर धरला की एकदम ‘आजच्या पिढीने कष्ट करावेत’ वर येतात. एडिटला बसलो की हाताला काहीच लागत नाही. काय करू?

उत्तर : अरे, त्यात आजोबांचा काय दोष? तुम्ही विचारलं असणार ‘आजच्या तरुणांना काय सांगाल’, आणि असं विचारलं की कुणीही सत्कार समारंभात उभं राहिल्यासारखंच बोलणार. बारीक विचारा. सरकारच्या दुष्काळी कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचे, खडी फोडायचा हातोडा कुणाचा, हजेरी कोण घ्यायचं, पैसे हातात कधी पडायचे, ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर आली तेव्हा घरात कोण काय म्हणालं, सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटायच्या त्या पौष्टिक खाण्याच्या रांगेत पोरांना कोण उभं करायचं. यातला एक प्रश्न जरी नीट लागला ना, तरी पुढचं ते स्वतःच सांगत सुटतात, तुम्ही फक्त गप्प बसायचं, आणि गप्प बसणं हेच तुमच्या वयात अवघड असतं हे मला माहितीये.

दुसरं म्हणजे एकट्या आजोबांना बसवू नका, शेजारच्या आजींनाही बोलवा. ते म्हणणार आम्ही पाझर तलावावर होतो, आजी म्हणणार तलाव नंतर, आधी रस्त्याचं काम, आणि मग जी जुंपते ती जशीच्या तशी ठेवा, ते भांडण म्हणजेच तुमचा एपिसोड. जमलं तर तलावावरच घेऊन जा, तिथे पाय लागले की माणूस वेगळंच बोलतो.

आता तुमचा वाटा. साल चुकलं, मजुरीचा आकडा चुकला तर आजोबांना मध्येच तोडू नका आणि त्यांचं वाक्य कापूही नका, पुढे तुमच्या आवाजात सांगा की दुष्काळातल्या त्या कामांमधूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. त्यांनी भाकरीची चव सांगायची, तुम्ही कागद शोधायचा. आणि एकदा तरी माईक त्यांच्या हातात द्या. ‘तू पुण्याला गेलास तर रान कोण बघणार’ हे त्यांना खरंच विचारायचं असतं, तर विचारू दे की, आणि उत्तर देताना तुमची जी त-त-प-प होईल तीही रेडिओवर जाऊ दे. माझ्या मते नुसती म्हाताऱ्यांची मुलाखत घेऊन यायचं आणि त्याला ‘दोन पिढ्यांचा कार्यक्रम’ म्हणायचं ही शुद्ध फसवणूक आहे.

तयार झालेलं म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीला ऐकवा, 90.4 वर, 2008 पासून चालू आहे, तुमच्या भागातलंच आहे.

प्रश्न : मी 71 वर्षांचा, रिटायर्ड शिक्षक. पोरं येतात, तासभर बोलून घेतात, लावतात दोन मिनिटं. वर ‘सर जरा शुद्ध बोला’ म्हणतात. मी बोलायचं का बंद करू?

उत्तर : बंद नका करू सर, अट घाला. एडिट झालेलं आधी मला ऐकवा, मगच लावा, एवढीच. हेडफोनवर नीट ऐकू येत नसेल तर स्पीकरवर लावायला सांगा आणि काय कापलं तेही विचारा. वेळ कमी असतो हे मात्र खरं, तासाभराचं सगळं लागणार नाही, पण कुठली दोन मिनिटं ठेवायची यात तुमचं मत हवं. शुद्ध बोलण्याचं तर सोडूनच द्या. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला संघम रेडिओ आहे, 2008 पासून दलित शेतकरी बायका स्वतः चालवतात, बियाणं, पीकपाणी, गाणी, सगळं त्यांच्या रोजच्या तेलुगूत. दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यातच ऐकू जाणाऱ्या रेडिओवर पुस्तकी बोलायचं ते कुणासाठी?

प्रश्न : आजीने ओव्या म्हणता म्हणता सासरच्या छळाचं सगळं सांगितलं, नावासकट. रेकॉर्डिंग अप्रतिम झालंय, ती म्हणते लाव. बाबा म्हणतात नको. लावू का?

उत्तर : लगेच नको. बोलण्याच्या भरात दिलेला होकार वेगळा आणि चार दिवसांनी शांतपणे ऐकून दिलेला वेगळा. आजीला पूर्ण ऐकव आणि स्पष्ट सांग की हे शेजारी, भावकी, सगळे ऐकणार. तरीही ती लाव म्हणाली तर नावं आणि गाव काढून लाव, कारण ज्यांची नावं आहेत त्यांच्या नातवंडांना तिथेच राहायचंय. बाबांचं ऐकून घे, पण गोष्ट आजीची आहे, शेवटचा शब्द तिचा. नुसत्या ओव्या लावायच्या ठरल्या तरी हरकत नाही, जात्यावर बायकांनी हेच सगळं गाऊन ठेवलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांच्या टीमने महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखभर ओव्या जमवल्यात, त्यात सासू, नवरा, कुणी सुटलेलं नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला स्वतःचा रेडिओ काढायचाय. लायसन लागतं का?

उत्तर : लागतं, केंद्राच्या माहिती आणि प्रसारण खात्याचं. रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये म्हटलं, न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. तरी परवानगी आधी फक्त शिक्षणसंस्थांना मिळाली, सेवाभावी संस्थांना 2006 मध्ये. संस्था नोंदणीकृत हवी, किमान तीन वर्षांचं काम हवं, प्रक्षेपणाची ताकद साधारण 100 वॉटपर्यंत, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक, आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खर्च आणि कागदपत्रं बघता माझा सल्ला, आधी वर्षभर कार्यक्रम करून बघा, जवळच्या स्टेशनला द्या, वाचनालयात स्पीकरवर लावा, त्याला लायसन लागत नाही. पोरं आणि म्हातारे दोघंही वर्षभर टिकले तर मग अर्ज करा.

प्रश्न : घरात रेकॉर्ड केलं की आवाज घुमतो. माईक कुठला घेऊ?

उत्तर : माईक नंतर. आधी रिकाम्या स्लॅबच्या खोलीतून उठा, गाद्या-गोधड्या रचलेली खोली शोधा, फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा. मूळ फाइल कधीच डिलीट करू नका, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवून नंतर तीच एडिटला घेऊ नका, आवाज दबतो. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. आणि पंखा बंद करा, मे महिना असला तरी.