रेडिओ स्टेशनने नियम मोडला हे सरकारला कळतं कसं आणि पुढे काय होतं?

सगळी स्टेशनं चोवीस तास ऐकत बसणारं खातं सहसा कुठेच नसतं. बरंचसं काम तक्रारीवर चालतं, मग ती श्रोत्याची असो, दुसऱ्या स्टेशनची असो की विमानतळाची.

विमानतळाचा काय संबंध, असं वाटेल. माझं काम ट्रान्समीटरचं आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. बहुतेक देशांत एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच विमानांच्या दिशादर्शक यंत्रणांचा सुरू होतो. समजा, एकाच टॉवरवर १०४.९ आणि १०७.५ अशी दोन स्टेशनं आहेत आणि फिल्टर नीट बसवलेला नाही. दोन्ही सिग्नल ट्रान्समीटरमध्ये मिसळतात आणि ११०.१ वर तिसराच उभा राहतो (१०७.५ ची दुप्पट वजा १०४.९). उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर याच भागात चालतो. म्हणून तांत्रिक नियमांत कुणालाही सवलत मिळू नये, असं माझं ठाम मत आहे. तपासणीही सरळ असते: अँटेना लावलेली गाडी दोन-तीन ठिकाणांहून सिग्नलची दिशा घेते, नकाशावर रेषा जिथे छेदतात तिथे पथक जातं आणि मोजमाप करतं.

कार्यक्रमातल्या मजकुराची तक्रार आली की आधी रेकॉर्डिंग मागवतात. ब्रिटनमध्ये रेडिओला ते ४२ दिवस जपून ठेवावं लागतं. देता आलं नाही तर तोही नियमभंगच. मग खुलासा, ताकीद, दंड आणि शेवटी परवाना रद्द. अमेरिकेत २०१४ मध्ये आयहार्टमीडियाच्या एका कार्यक्रमात आपत्कालीन इशाऱ्याचे खरे संकेत-सूर वाजवले गेले आणि अनेक राज्यांतल्या यंत्रणांनी तो इशारा पुढे पाठवला. पुढच्या वर्षी कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले. मला तो दंड योग्यच वाटतो.

मात्र मजकुराबाबत निर्णय मंत्रालयाच्या हातात नसावा. कारणं लेखी द्यावीत, अपिलाची सोय असावी. नाहीतर परवान्याच्या नूतनीकरणाच्या भीतीनेच स्टेशनं अवघड विषय सोडून देतात, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

तुम्हाला तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि नेमकं वाक्य लिहून ठेवा, आणि उशीर करू नका. रेकॉर्डिंग पुसलं गेलं की तक्रार सिद्ध करणं कठीण होतं.