एका गोळीच्या नावावरून करिअर?

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांधे सुजवणारा आजार आहे. तिला टोफासिटिनिब ही गोळी सुरू झाली तेव्हा ती ज्यांना अडवते त्या ‘जॅक’ एन्झाइमांबद्दल वाचलं. रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावणाऱ्या एन्झाइमांवरच संशोधन करावं, असं तेव्हापासून वाटतंय. बाबा म्हणतात, एवढ्याशा विषयात पुढे काय?

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे, पण विषय एवढासा नाही.

ऑग्डेन ब्रुटन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये एका मुलाची नोंद केली. त्याला सारखे जंतुसंसर्ग व्हायचे आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, जवळपास नव्हतीच. या आजाराचं मूळ सापडायला १९९३ उजाडलं. ही प्रथिनं तयार करणाऱ्या बी पेशींच्या वाढीला लागणारं एक कायनेज (दुसऱ्या रेणूंना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) या रुग्णांमध्ये बिघडलेलं असतं. त्याला ब्रुटनचंच नाव मिळालं, ब्रुटन्स टायरोसिन कायनेज, म्हणजेच बीटीके. बी पेशींच्या काही कर्करोगांत मात्र हेच एन्झाइम रोगट पेशींना जगवतं. ते अडवणाऱ्या इब्रुटिनिब या औषधाला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. जे नसल्याने मूल आजारी पडतं, तेच दुसऱ्या रुग्णात मुद्दाम रोखावं लागतं. जॅकचंही असंच. त्याला आवर घातला की सांध्यांची सूज उतरते, पण नागिणीसारख्या संसर्गांचा धोका वाढतो. (आईच्या गोळीबद्दलच्या शंका मात्र तिच्या डॉक्टरांनाच विचार.)

पुस्तकात तू वाचलं असशील की कायनेज फॉस्फेट जोडतं आणि फॉस्फेटेज काढतं. त्यावरून पहिलं म्हणजे सुरू करणारं आणि दुसरं म्हणजे थांबवणारं, अशी खूणगाठ बांधू नकोस. सीडी४५ हे फॉस्फेटेज एलसीके या कायनेजवरचा त्याला दाबून ठेवणारा फॉस्फेट काढतं, म्हणून तर टी पेशी ही रोगप्रतिकारक पेशी संदेश मिळताच कामाला लागू शकते. कॅल्सिन्युरिन हेही टी पेशीला कामाला लावणारं फॉस्फेटेजच. सायक्लोस्पोरिन हे औषध त्यालाच अडवतं, म्हणून शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी प्रत्यारोपणानंतर ते देतात. हे वाचून ‘मग हे ठरवतं कोण?’ असं तुझ्या मनात आलं असेल, तर हा विषय तुझा आहे.

अभ्यासक्रमाच्या नावाच्या मागे लागू नकोस. पदव्युत्तर शिक्षण जीवरसायनशास्त्रात घे किंवा इम्युनॉलॉजीत, दोन्ही चालेल. पेशी वाढवणं, वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी), फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी तपासण्याची पद्धत) आणि संख्याशास्त्र मात्र हाताखालून जायलाच हवं. यातलं शेवटचं मुलं टाळतात आणि पुढे तिथेच अडतात. पीएचडीला बरीच वर्षं जातात, हे घरी आधीच सांग. ती न करताही औषधशोध, वैद्यकीय चाचण्या, औषधसुरक्षा, निदान प्रयोगशाळा ही दारं उघडी असतात. जन्मजात प्रतिकारदोष ओळखायला रक्तपेशींत बीटीके आहे का, हे फ्लो सायटोमेट्रीने तपासतात. तेही याच विषयातलं काम.

एक गोष्ट खटकली, ती बोलतो. आईसाठी म्हणून संशोधनाकडे वळत असशील, तर प्रयोगशाळेचा वेग तुला छळेल. तिथे महिनोन्‌महिने काहीच हाती लागत नाही. म्हणून आताच ठरवू नकोस. येत्या सुट्टीत सहा-आठ आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत काम कर, भांडी धुवायला लागली तरी चालेल. ब्लॉट तिसऱ्यांदा कोरा आला, की तुला काय वाटतं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. सुट्टी संपली की ती वही बाबांना वाचायला दे आणि मलाही कळव.