लक्ष लागत नाही? आधी सांग, जेवलीस कधी

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं राहतात. त्यांतली बरीच माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते, "मॅडम, वाचलेलं डोक्यात शिरत नाही." कोणी सांगतं, तेच पान तीनदा वाचतो आणि तिसऱ्यांदाही नवंच वाटतं. कोणी सांगतं, दहावीला धडाच्या धडा पाठ व्हायचा, आता सकाळी केलेली राज्यघटनेची कलमं संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. मग थोडं घुटमळून खरा प्रश्न येतो, "बुद्धीसाठी काही खायला सांगाल का? बदाम, ब्राह्मी, एखादी पावडर?"

प्रश्न रास्त आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आपण नुसते बसलेले असतो तेव्हाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. पुढच्या वेळेसाठी इंधन साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. तेव्हा खाण्याचा आणि लक्ष लागण्याचा संबंध आहे, पण मुलं शोधतात त्या दिशेला तो नाही. बुद्धी वाढवणारा पदार्थ मला अजून भेटलेला नाही. जेवण तोडून स्वतःला ढ समजू लागलेली मुलं मात्र खूप भेटली. त्यांतल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि पुष्कळ भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

मुलगी मराठवाड्यातल्या शेतकरी घरातली. शाळा-कॉलेजात कायम पुढे. पूर्व परीक्षा लागोपाठ दोनदा थोडक्यात हुकलेली. "माझा मेंदूच बाद झालाय," असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं.

"दिवसभर असं होतं, की ठरावीक वेळी?"

तिला विचार करावा लागला. "साडेदहा-अकरानंतर. अक्षरं नुसती दिसतात. सीसॅटचा उतारा संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते." सीसॅट म्हणजे पूर्व परीक्षेतला आकलन आणि तर्काचा पेपर.

"तोवर पोटात काय गेलेलं असतं?"

"चहा."

"आणि?"

"चहाच. कधी क्रीमरोल."

मेस एकवेळची, दुपारची. रात्री पुन्हा चहा-बिस्किटं किंवा खोलीवर नूडल्स. भूक लागली की चहा, झोप आली की चहा. मी तिला काहीच बंद करायला सांगितलं नाही. फक्त आठवडाभर अभ्यासाच्या वेळापत्रकाशेजारी दोन गोष्टी लिहायला सांगितल्या : काय खाल्लं आणि त्यानंतरच्या तासात वाचन कसं झालं.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली ती थोडी चक्रावूनच. "मॅडम, दुपारी दोन ते पाच माझं सगळ्यात चांगलं वाचून होतंय. अख्खी अभ्यासिका तेव्हा पेंगत असते." दुपारी जेवणानंतर सगळ्यांनाच थोडी सुस्ती येते, हे खरं. पण हिच्या दिवसातलं एकमेव जेवण दुपारी एकचं होतं. बाद झालेला मेंदू रोज दुपारी तीन तास दुरुस्त होत होता. हे मी बोलले नाही, वहीच बोलत होती.

इथे "दोन वेळा जेवत जा" असं सांगून तिला पाठवता आलं असतं. पण तेवढा सल्ला तिच्या आईने फोनवर कितीदा तरी दिलेला होता. माहीत असूनही माणूस जेव्हा करत नाही, तेव्हा आड काहीतरी बसलेलं असतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने काम करते. परिस्थिती माणसाला जितकी अडवत नाही, तितका त्याने स्वतःशी केलेला एखादा कडक नियम अडवतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. त्या नियमापर्यंत पोहोचायचं होतं.

"रात्रीची मेस का बंद केलीस?"

"वजन वाढत होतं." हाडं दिसत होती तिची. मी थांबले.

"सोयाबीनला भाव नाही मिळाला या वेळी. बाबा उसने घेऊन पाठवतात." मग खालच्या आवाजात, भरभर, "दोनदा नापास झाले मी. कमवत नाही, पास होत नाही, आणि वर दोन वेळा पोटभर जेवायचं?"

हा होता तो नियम. कमाई नाही तर पोटभर जेवण नाही. घरात कोणीही तिला असं सुनावलं नव्हतं, शिक्षा तिची तिनेच ठरवलेली. नापास झाले म्हणून जेवण तोडायचं, जेवण तोडलं म्हणून लक्ष लागायचं नाही, लक्ष लागलं नाही की आपण ढ असल्याची खात्री पटायची आणि ताटातलं आणखी कमी व्हायचं. पैशांची ओढाताण खरी होती, तिच्याशी मला वाद घालायचा नव्हता. वाद त्या नियमाशी होता.

मी विचारलं, "घरी बैलजोडी आहे?"

"आहे."

"पेरणीच्या दिवसांत त्यांना काय घालता?"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. सरकी पेंड, कडबा, मिळेल तेवढं हिरवं. पेरणीच्या आधीपासूनच बाबा खुराक वाढवतात, म्हणाली.

"का वाढवतात?"

"काम काढायचं असतं ना त्यांच्याकडून. ते कमवून देतात म्हणून."

"पेरणीला कमाई कुठे झालेली असते?"

ती बोलायची थांबली. बराच वेळ वहीच्या कडेशी तिची बोटं चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी काहीच पिकलं नव्हतं. तरी पेंड आणली होती बाबांनी. उधारीवर." आणि थोड्या वेळाने, स्वतःलाच सांगावं तशी, "बैलांना कोणी नापास म्हणत नाही."

त्या वाक्याला मी हात लावला नाही. अशा वेळी समुपदेशकाने समजावत बसायचं नसतं. वर्षानुवर्षांच्या कामातून मला हे उमगलं आहे की माणसाचं स्वतःचं वाक्य त्याच्याबरोबर खोलीवर जातं आणि आमची वाक्यं बहुतेकदा दारातच राहतात. त्याच संध्याकाळी तिने वडिलांना फोन करून मेसबद्दल खरं सांगितलं. हिशोब मांडल्यावर दिसलं की दिवसाचे पाच-सहा चहा आणि त्यासोबतचं किडूकमिडूक यांतच रात्रीच्या मेसचे निम्म्याच्या वर पैसे जात होते.

"मी ढ आहे" हे मात्र एवढ्याने सुटलं नाही. म्हणून पुढच्या भेटीत तिला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, आन्सेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं सुमारे पाव वजन उतरलं. ती मुलं चिडचिडी झाली, उदास झाली, डोक्यात सदा अन्नाचाच विचार. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. लक्ष लागत नाही, विचार करता येत नाही, ही अनेकांची तक्रार. पण बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तर त्यांत खास घसरण दिसली नाही.

"म्हणजे बुद्धी तशीच होती, फक्त त्यांना वाटत होतं गेली म्हणून?"

"तुला काय वाटतं?"

ती हसली. आमच्या खोलीत पहिल्यांदाच.

दुसऱ्या बाजूने डॉक्टरांकडेही पाठवलं होतं, कारण थकव्याचं मूळ नेहमी विचारांत नसतं. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. स्त्रियांमध्ये ते बारापेक्षा खाली गेलं की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला होता. 'माझं लक्ष लागत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी रक्त तपासायला सांगते ते यासाठी. शाकाहारी मुलामुलींनी बी-१२ सुद्धा तपासावं. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं आणि मेसच्या पातळ वरणात ते नसतं. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्याव्यात, आणि मग मध्येच सोडू नयेत. हिमोग्लोबिन वर यायला साधारण दोन महिने लागतात आणि शरीरातला साठा भरायला त्यानंतरही काही महिने.

चहाचं काय, हे सगळेच विचारतात. जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. म्हणून जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नको. त्याउलट मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं किंवा ताटात आवळा असला, तर तेच लोह जास्त अंगी लागतं. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास जातात, तेव्हा रात्री दहाच्या 'जागायच्या' चहाची किंमत दुसऱ्या दिवशीचा सकाळचा अभ्यास मोजतो. चहा सोडा असं मी कोणाला सांगत नाही. भुकेला चहा पाजू नका, एवढं सांगते.

सकाळी काहीतरी खाऊनच अभ्यासिकेत जावं. रात्री भिजवलेले शेंगदाणे, एक केळं, फुटाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, परवडत असेल तर उकडलेलं अंडं : खोलीवर गॅस नसला तरी यातलं बरंचसं जमतं. नुसत्या गोड किंवा मैद्याच्या खाण्याने तासाभरात पुन्हा भूक लागते, सोबत डाळ-शेंगदाण्यासारखं काही असलं की ते टिकतं. पाण्याची बाटली टेबलावर हवी. थोडंसं पाणी कमी पडलं तरी लक्ष ढळतं आणि डोकं जड होतं. उपवास करणाऱ्यांनी अवश्य करावा, पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ. त्या दिवशी दही, शेंगदाणे, राजगिरा ताटात असू द्यावं, आणि परीक्षेच्या दिवशीच्या उपवासाबद्दल घरच्यांशी आधीच बोलून घ्यावं.

सगळं ताटात शोधू नये, हेही सांगायलाच हवं. एक आई दहावीतल्या मुलासाठी स्मरणशक्तीची पावडर विचारायला आली होती. मुलगा उत्तम जेवत होता, रात्री दीडपर्यंत मोबाइल पाहत होता. त्याला झोप हवी होती. जेवण, झोप ठीक असूनही दोन आठवड्यांहून जास्त मन उदास राहत असेल, आवडीचंही नकोसं वाटत असेल, भूकच मेली असेल, तर तो आहाराचा प्रश्न नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीची पुढची पूर्व परीक्षा अजून व्हायची आहे. मेस दोन्ही वेळची सुरू आहे. सकाळचे दोन तास तिने सीसॅटच्या उताऱ्यांसाठी ठेवले आहेत आणि वहीतली खाण्याची नोंद आता ती ठेवत नाही, कारण त्याची गरज उरली नाही असं तिचंच मत आहे.