‘त्याच्यात गट्स आहेत’ असे म्हणतात, त्यातील ‘गट्स’चा नेमका अर्थ काय?

‘गट्स’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आतडी किंवा पोटातील अवयव असा असून, तुम्ही दिलेल्या वाक्यात मात्र त्याचा लाक्षणिक अर्थ हिंमत, विशेषतः परिणामांची भीती न बाळगता अवघड किंवा अप्रिय गोष्ट करण्याचे धैर्य, असा होतो. आतड्यांचा अर्थ प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेला आहे. धैर्याचा अर्थ १९व्या शतकाच्या अखेरीस बोलीभाषेत रुळला. धैर्याचे स्थान शरीराच्या आत मानण्याची ही रीत मराठी माणसाला परकी वाटू नये, कारण आपणही ‘त्याला छाती लागते’ किंवा ‘वाघाचे काळीज’ असे म्हणतोच. भाषांतरात मात्र ‘आतडी’ हा शब्द चालणार नाही, कारण मराठीत आतडे तुटते ते मायेने. तेथे ‘धमक’ किंवा ‘छाती’ हेच शब्द योग्य ठरतात. एक मर्यादा लक्षात ठेवावी: धैर्याच्या अर्थाने ‘गट्स’ हा शब्द अनेकवचनी आणि अनौपचारिक आहे, म्हणून इंग्रजी अर्जात किंवा निबंधात ‘करेज’ लिहावे. ‘गट फीलिंग’मधील एकवचनी शब्द तर्काविना आतून येणारी जाणीव सुचवतो, धैर्य नव्हे.