नवी ३५० सीसी बाइक घेतली, रनिंग-इनमध्येच (नव्या इंजिनचे पहिले काही किमी) आफ्टरमार्केट (कंपनीबाहेरचा) सायलेन्सर लावला तर चालते का?

भाऊ, सायलेन्सर बदलल्यानं पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसत नाही असं काही नाही, त्या बसतात तुमच्या चालवण्यानं, म्हणजे पहिले ५०० किमी थ्रॉटल कमीजास्त करत चालवा, एकाच स्पीडवर यवतमाळ-नागपूर ताणू नका. खरा लोचा वेगळा हाये. पाइप मोकळा झाला की मिक्श्चर लीन व्हायची, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडायची शक्यता, इंजिन जास्त तापते, अन् आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडी तशीच भट्टी असते. बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा) निळा पडायला लागला किंवा थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटायला लागलं तं समजून जा.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमातल्या) गाडीत कॅट कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अन् ऑक्सिजन सेन्सर असते. कॅटच्या मागचा नुसता स्लिप-ऑन, म्हणजे फक्त शेवटचा सायलेन्सर लावला तर फारसा फरक पडत नाही, पण बेंडसकट पूर्ण सिस्टिम काढली की इंजिन लाइट पेटू शकते, अन् ट्यूनिंगचा खर्च वेगळा. शिवाय वॉरंटीत उद्या इंजिनचं काही निघालं तं सर्व्हिस सेंटरवाला आधी पाइपाकडेच बोट दाखवणार. म्हणून पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या, कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका. अन् आतली आवाज दाबणारी जाळी काढलेला, गावभर ढोल वाजवणारा पाइप तर घेऊच नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत दंड हाये, लायसन्स ३ महिने जाऊ शकते ते वेगळंच.